कौल न घेतलेला मुलूख

१८ ऑक्टोबर १९५४ रोजी पाँडिचेरीच्या मुलखातल्या कीळूर नावाच्या खेड्यात १७८ माणसं जमली. फ्रेंच वसाहतींतल्या लोकांनी मतं देऊन निवडलेले हे प्रतिनिधी होते. त्यांच्यापुढे प्रश्न एकच होता: फ्रान्सबरोबर राहायचं की भारतात जायचं? १७० जणांनी भारताच्या बाजूनं मत दिलं, ८ जणांनी विरोधात. पुढे दोन आठवड्यांनी, १ नोव्हेंबर १९५४ ला, पाँडिचेरीचा कारभार फ्रान्सनं भारताच्या हाती दिला. गोळीबार नाही, लढाई नाही. पावणेतीनशे वर्षांचा वसाहतीचा संसार मतमोजणीवर आवरला गेला.

त्यानंतर बरोबर दोन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणी हा सगळा पट्टा मुंबई राज्यातून निघाला आणि म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. आदल्या रात्री झोपताना लोक एका राज्यात होते, सकाळी उठले ते दुसऱ्या राज्यात. त्यांचं मत कुणी मोजलं नाही, कारण ते मागितलंच गेलं नव्हतं.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावर मराठीत आजवर ढीगभर लिहिलं गेलंय. खानेसुमारीचे आकडे, शिलालेख, मोडी दफ्तरं, बोलीभाषा, बाजारपेठा यांवर दोन्ही बाजूंनी भरपूर वाद झाला. तो वाद निरर्थक आहे असं मी म्हणणार नाही. पण या इतिहासाकडे बघताना मला सर्वांत जास्त टोचत आलेली गोष्ट वेगळी आहे. ज्या नव्या प्रजासत्ताकानं निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बाईला आणि दिल्लीच्या मंत्र्याला एकेकच मत दिलं, त्यानं त्या बाईला सगळं विचारलं. तिनं कोणत्या राज्यात नांदायचं एवढंच विचारलं नाही. आणि हे विचारता येत नव्हतं अशातला भाग नाही. त्याच काळात, याच देशात, ते इतरांना विचारलं जात होतं.

आधी फ्रान्सकडे बघू, कारण कीळूरचं मतदान आकाशातून पडलं नव्हतं. जर्मनांच्या टाचेखाली चार वर्षं काढलेल्या त्या देशानं ऑक्टोबर १९४६ मध्ये नवी राज्यघटना स्वीकारली. हे फ्रान्सचं चौथं प्रजासत्ताक. त्याच्या उंबरठ्यावर, १९४५ साली, फ्रेंच स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केलं. क्रांतीचं माहेरघर म्हणवणाऱ्या देशात बायकांना मतासाठी दीडशे वर्षं थांबावं लागलं होतं. या प्रजासत्ताकाची प्रकृती तशी नाजूकच होती. बारा वर्षांत वीसहून जास्त मंत्रिमंडळं आली आणि गेली. पण त्याच्या घटनेत २७ वं कलम होतं, आणि त्याचा आशय असा की ज्या प्रदेशाची देवघेव करायची, तिथल्या लोकांची संमती नसेल तर ती देवघेव वैध नाही.

या कलमामागे जुना इतिहास होता. १७९१ मध्ये आव्हिन्यों हे पोपच्या ताब्यातलं शहर आणि त्याच्या भोवतीची गावं फ्रान्सला जोडण्याआधी तिथल्या गावसभांचा कौल घेतला गेला. पुढच्याच वर्षी पहिलं प्रजासत्ताक जन्माला आलं, आणि आल्प्समधला सावोय प्रांत जोडून घेताना पुन्हा गावागावाला विचारलं गेलं. फ्रेंच फौजा तोवर तिथं पोचलेल्या होत्या, त्यामुळे हा कौल अगदी निर्भेळ होता असं मानायचं कारण नाही. तरीही राजांच्या तहांत आणि हुंड्यांत मुलूख इकडचे तिकडे होत असलेल्या युरोपात, जमिनीबरोबर माणसांचंही मन बघावं लागतं ही गोष्ट नवी होती.

अर्थात हेच फ्रान्स भाषेच्या बाबतीत कठोर होतं. १७९० साली जुने प्रांत मोडून ८३ जिल्हे पाडले, त्यांना नद्यांची आणि डोंगरांची नावं दिली, आणि ब्रेतॉन, बास्क, प्रोव्हान्साल बोलणाऱ्यांना आपापला मुलूख राहिला नाही. १७९४ मध्ये आबे ग्रेग्वार या पाद्रीनं अहवाल दिला तो या बोली नाहीशा करून सगळीकडे फ्रेंच चालू करण्याच्या गरजेवर. पुढे तिसऱ्या प्रजासत्ताकाच्या शाळांमध्ये घरची बोली तोंडातून निघाली म्हणून पोरांना शिक्षा झाल्या. भारतानं नेमका उलटा रस्ता धरला. आपण भाषेला मान दिला, भाषेवर राज्यं उभी केली, आणि हा निर्णय मला आजही फार मोठा आणि शहाणपणाचा वाटतो. पण राज्याची रेघ ओढताना, तिच्या काठावर राहणाऱ्या माणसाचं मत घेण्याची फ्रेंच सवय मात्र आपण उचलली नाही.

आपल्या घटनेचं ३ रं कलम सांगतं की नवं राज्य करणं, सीमा बदलणं, नाव बदलणं हे सगळं संसदेच्या हाती आहे. संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे विधेयक मतासाठी पाठवायचं, इतकंच. ते मत बंधनकारक नाही. १९५५ च्या डिसेंबरात घटनेची पाचवी दुरुस्ती झाली आणि त्या मतालाही मुदत लावण्यात आली. मुदतीत मत आलं नाही तर संसद पुढे जायला मोकळी. १९५९ मध्ये बाबूलाल पराते यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं की विधिमंडळापुढे गेलेल्या प्रस्तावाहून वेगळी रचना संसदेनं केली तरी तो पुन्हा विचारायला पाठवण्याची गरज नाही. घटना लिहिली गेली तेव्हा फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, साडेपाचशेहून जास्त संस्थानं आत घ्यायची होती. मजबूत केंद्र हवं असं वाटण्यात वावगं काही नव्हतं. पण त्या घाईची किंमत कुणी मोजली ते बघायचं तर बेळगावात यावं लागतं.

बेळगाव १९४८ पर्यंत एका राजवटीखाली नव्हतं, हे बाहेरच्या वाचकाला ठाऊक नसतं. आजच्या शहराचा अर्धा गजबजाट जिथं आहे ते शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. बेळगावात इंग्रजांचा कलेक्टर, किल्ला, लष्कराचा कॅम्प. आणि बाजारातून चार पावलं चालून गेलं की सांगलीच्या पटवर्धनांचा अंमल. शहापुरात विणकरांचे माग चालत, सोनारांच्या पेढ्या होत्या, आणि त्याच गल्लीतल्या माणसाची फिर्याद सांगलीला जायची. एकाच घरातली थोरली लेक ब्रिटिश प्रजा आणि धाकटी संस्थानी प्रजा, असं सहज घडत असे. ८ मार्च १९४८ ला सांगलीसह दक्षिणी संस्थानांचा कारभार मुंबई सरकारकडे गेला. शहापूरकरांना मत, नागरिकत्व, प्रजेचा नागरिक होणं हे सगळं त्यानंतर तीनचार वर्षांत मिळालं. त्यांच्या दृष्टीनं प्रजासत्ताक ही इतकी ताजी गोष्ट होती की तिचा वास अजून गेला नव्हता, आणि तेवढ्यात त्यांचं राज्य बदललं.

हे गाव दोन भाषांचं आहे, आणि त्याचा इतिहासही दोन्ही भाषांनी घडवला. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीच्या मैदानावर काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन. ते भरवणारे गंगाधरराव देशपांडे टिळकांचे अनुयायी, घरची भाषा मराठी, आणि लोक त्यांना कर्नाटकसिंह म्हणत. त्याच मांडवात सिद्दप्पा कंबळी यांच्या अध्यक्षतेखाली पहिली कर्नाटक एकीकरण परिषद झाली. मुंबई, मद्रास, हैदराबाद, म्हैसूर आणि कोडगू अशा पाच ठिकाणी विखुरलेल्या कन्नड माणसांनी आपण एक व्हावं, हे उघडपणे बेळगावात म्हटलं. बावीस वर्षांनी, मे १९४६ मध्ये, त्याच बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर. तिथं संयुक्त महाराष्ट्राचा, म्हणजे सगळ्या मराठी मुलखाच्या एका राज्याचा, ठराव झाला आणि जुलैत मुंबईला शंकरराव देव यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरून चळवळीनं जोर धरला. दोन्ही भाषांच्या स्वप्नांची सुरुवात एका गावात व्हावी, हे बेळगावचं भाग्य होतं. आज ते आठवलं की वाईट वाटतं, कारण दोघांनाही ते स्वप्न आपलंच वाटत राहिलं.

कन्नड बाजूचं म्हणणं मी इथंच मांडतो, कारण ते मांडल्याशिवाय पुढचं लिहिणं अप्रामाणिक होईल. मुंबई इलाख्यात कन्नड माणसाला मान मिळाला नाही, ही त्यांची तक्रार खरी होती. १९१६ साली बेळगावात सात शिक्षकांनी कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी काढली ती याच अभावातून. १९२० मध्ये काँग्रेसनं नागपूरला भाषेप्रमाणे प्रांत पाडले तेव्हा बेळगाव कर्नाटक प्रांतिक समितीत गेलं. पंचवीसतीस वर्षं काँग्रेसच्या नकाशात बेळगाव कर्नाटकातच होतं. शिवाय संपूर्ण जिल्हा धरला तर त्यात कन्नड बोलणारे जास्त, हेही तितकंच खरं. पण बेळगाव शहरात, खानापुरात आणि निपाणीच्या बाजूला मराठी बोलणारे जास्त, हेही खरं. जिल्हा धरायचा की गाव धरायचं, सगळा वाद या एका मुद्द्यावर येऊन थांबतो.

२९ डिसेंबर १९५३ ला केंद्रानं राज्य पुनर्रचना आयोग नेमला. न्यायमूर्ती फाजल अली, हृदयनाथ कुंझरू, के. एम. पणिक्कर. अहवाल १९५५ च्या ऑक्टोबरात बाहेर आला. आयोगानं जिल्हा हा घटक धरला. चंदगड तालुका तेवढा वेगळा काढून मुंबईकडे ठेवला आणि उरलेला बेळगाव जिल्हा कर्नाटकाला दिला. चंदगडात मराठी आहे म्हणून तालुका तोडता येतो, तर खानापूरचा का नाही? या प्रश्नाचं समाधान करणारं उत्तर अहवालात मला कधी मिळालं नाही. गंमत म्हणजे त्याच वेळी गृहखात्यात उपमंत्री होते बळवंत नागेश दातार, बेळगावचेच खासदार. बेळगावचं भवितव्य ठरवणारी फाइल बेळगावच्या प्रतिनिधीच्या खात्यात होती, पण बेळगावच्या मतदारांपर्यंत ती पोचली नाही.

अहवाल बाहेर आला आणि पंधरवड्याच्या आत, २३ ऑक्टोबर १९५५ ला, युरोपात फ्रान्स आणि जर्मनीच्या हद्दीवरच्या सार प्रांतात मतदान झालं. कोळशाच्या खाणींचा हा छोटा मुलूख. युद्धानंतर फ्रान्सनं त्याला जर्मनीपासून वेगळा ठेवला होता आणि तो तसाच, युरोपच्या देखरेखीखाली, राहावा असा आराखडा पुढे आणला होता. लोकांना विचारलं. ६७.७ टक्के लोकांनी नाही म्हटलं. फ्रान्सला निकाल आवडला नव्हता, तरी त्यानं तो मानला आणि १ जानेवारी १९५७ ला सार जर्मनीत गेला. हे चौथं प्रजासत्ताक काही सोवळं नव्हतं. व्हिएतनाममध्ये ते वर्षानुवर्षं लढलं, अल्जीरियाच्या लोकांना त्यानं २७ वं कलम कधी लागू केलं नाही. पण जिथं विचारलं, तिथला हिशेब मिटला. पाँडिचेरीच्या आधी, १९ जून १९४९ ला, चंद्रनगरमध्येही मतदान झालं होतं: भारताच्या बाजूनं ७,४६३, विरोधात ११४. पुढे भारत सरकारनं चंद्रनगर पश्चिम बंगालमध्ये घालण्याआधी अमरनाथ झा यांचा आयोग नेमून लोकांचं म्हणणं पुन्हा जाणून घेतलं. हुगळीच्या काठावरच्या एका लहानशा शहराला दोनदा विचारलं गेलं होतं, दुसऱ्यांदा तर आपल्याच सरकारनं.

बेळगावात मात्र जानेवारी १९५६ उजाडला तो गोळ्यांनी. १६ तारखेला पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील असं जाहीर केलं. मुंबईत रस्ते पेटले. १७ जानेवारीला बेळगावात मिरवणुका निघाल्या आणि पोलिसांनी गोळीबार केला. मारुती बेन्नाळकर, मधुकर बांदेकर, लक्ष्मण गावडे, महादेव बारीगडी गेले. निपाणीत कमळाबाई मोहिते गेल्या. संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण देणाऱ्यांच्या यादीत निपाणीच्या या बाईचं नाव मुंबईच्या गिरणगावातल्या नावांच्या रांगेत आहे. एक गोष्ट नेहमी विसरली जाते: त्या दिवशी बेळगाव अजून मुंबई राज्यातच होतं. गोळ्या झाडणारे पोलीस मुंबई सरकारचेच होते, आणि मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई. बेळगावच्या मराठी माणसाच्या मागणीवर गोळी चालवली ती ज्या राज्यात राहण्यासाठी तो रस्त्यावर आला होता त्याच राज्यानं. म्हणूनच दरवर्षी १७ जानेवारीला हुतात्मा चौकात फुलं वाहिली जातात तेव्हा तिथल्या दुःखाला फक्त कन्नड विरुद्ध मराठी हे नाव देणं मला अपुरं वाटतं.

कायदा ३१ ऑगस्ट १९५६ ला झाला आणि १ नोव्हेंबरला अमलात आला. त्या दिवशी महाराष्ट्र हे राज्य अस्तित्वातच नव्हतं. गुजरात, विदर्भ, मराठवाडा एकत्र घेऊन यशवंतराव चव्हाण मोठ्या द्विभाषिक मुंबईचे मुख्यमंत्री झाले. चंदगडचा माणूस मुंबईत राहिला, बाराचौदा कोसांवरचा बेळगावचा माणूस म्हैसुरात गेला. बेळगावातल्या मराठी घरांत आजही १ नोव्हेंबर काळा दिवस म्हणून पाळतात, आणि शेजारच्या कन्नड घरांत तोच दिवस राज्योत्सवाचा. एकाच गल्लीत दोन दिवस एका तारखेला येतात. दोघांपैकी कुणीही खोटं वागत नसतं.

पुढच्याच वर्षी, १९५७ च्या निवडणुकीत, बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातून महाराष्ट्रात जाण्याची बाजू मांडणारे उमेदवार म्हैसूर विधानसभेवर निवडून आले. तेव्हापासून अनेक निवडणुकांत हे होत राहिलं. ज्या राज्यात आपण राहू इच्छित नाही असं सांगायला लोकांनी त्याच राज्याच्या विधानसभेत माणसं पाठवली, आणि तीही त्याच राज्याच्या कायद्यानं, शिस्तीत मतं देऊन. हा या मुलखाचा प्रजासत्ताकावरचा विश्वास आहे, आणि त्याची पुरेशी दखल कुणी घेतलेली नाही. बाकी मार्गही चालूच होते. १९५८ मध्ये साराबंदी झाली, सत्याग्रहींच्या तुकड्या आल्या, लोक तुरुंगात गेले.

जून १९५७ मध्ये मुंबई सरकारनं केंद्राला निवेदन दिलं. त्यात चार कसोट्या होत्या: खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. त्या कसोट्यांवर ८१४ गावं आणि बेळगाव, कारवार, निपाणी ही शहरं मागितली, आणि तोच नियम लावून सोलापूरच्या बाजूची सुमारे २६० कन्नड गावं द्यायची तयारी दाखवली. हे निवेदन मला त्या काळातला सर्वांत समंजस कागद वाटतो. जो नियम स्वतःला हवा तो समोरच्यालाही लावायचा, हे त्यात होतं. आणि हे काही अशक्य नव्हतं. आंध्र आणि मद्रास यांच्यातला वाद खानदेशचे हरिभाऊ पाटसकर यांनी गाव हा घटक धरूनच मिटवला. १९५९ साली संसदेनं त्यावर कायदा केला, आणि १९६० च्या एप्रिलमध्ये तिरुत्तणी मद्रासमध्ये गेली. तमिळ आणि तेलुगू माणसांत त्या हद्दीवरून आज कोणी काळा दिवस पाळत नाही. म्हैसूर सरकारनं मात्र आयोगाचा निकाल हाच अखेरचा धरला. त्यांच्या दृष्टीनं बेळगावचा प्रश्न संपला होता.

१९६० मध्ये नव्या महाराष्ट्राची आणि म्हैसूरची मिळून चार जणांची समिती झाली, ती एकमतापर्यंत पोचली नाही. मग १९६६ मध्ये स्वातंत्र्यसैनिक सेनापती बापट, उतारवयात, उपोषणाला बसले. त्यातून २५ ऑक्टोबर १९६६ ला महाजन आयोग नेमला गेला. मेहरचंद महाजन भारताचे माजी सरन्यायाधीश. पण त्यांच्या आयुष्यातल्या आणखी दोन गोष्टी इथं महत्त्वाच्या आहेत. १९४७ मध्ये पंजाबची फाळणी करणाऱ्या रॅडक्लिफ यांच्या सीमा आयोगावर ते सभासद होते, आणि काश्मीरचं विलीनीकरण झालं तेव्हा तिथले पंतप्रधान. लोकांना न विचारता ओढलेल्या रेघेचं काय होतं, आणि विचारू असं आश्वासन देऊन न विचारल्याचं काय होतं, हे त्यांच्याइतकं जवळून पाहिलेली माणसं देशात फार नसतील.

आयोग बसला होता त्याच सुमाराला चोर्ला घाटाखाली, गोव्यात, वेगळंच काही घडत होतं. १९६६ च्या डिसेंबरात संसदेनं गोवा, दमण आणि दीव यांच्यासाठी जनमत कौलाचा कायदा केला. दयानंद बांदोडकर यांनी मतदान मोकळेपणानं व्हावं म्हणून मुख्यमंत्रिपद सोडलं. १६ जानेवारी १९६७ ला गोवेकरांनी मतं दिली. महाराष्ट्रात विलीन व्हा म्हणणारे १,३८,१७०; संघराज्याचा प्रदेश म्हणून वेगळे राहू म्हणणारे १,७२,१९१. बांदोडकरांचा पक्ष, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, विलीनीकरणासाठीच उभा होता. तो हरला. मराठी वाचकाला हा निकाल त्यावेळी कडू लागला. पण बघा, त्यानंतर गोव्याच्या सीमेचा प्रश्न उरला नाही. ज्यांना महाराष्ट्र हवा होता ते घरी गेले, पुन्हा निवडणुका लढले, आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. हरलेला माणूस मुकाट्यानं स्वीकारतो ते आपल्याला विचारलं गेलं होतं म्हणून. बेळगावच्या मराठी माणसाला असा हरण्याचाही हक्क मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी, १७ जानेवारीला, बेळगावच्या लोकांनी हुतात्म्यांना फुलं वाहिली असतील तेव्हा गोव्यातल्या मतपेट्या सील होऊन पडल्या होत्या. घाटाच्या वर आयोगापुढे निवेदनांच्या थप्प्या, घाटाच्या खाली पेटीत पडलेलं मत. दोन्ही एकाच सरकारनं एकाच महिन्यात चालवलं होतं.

महाजन आयोगानं गावोगाव दौरे केले, हजारो लोकांचं म्हणणं ऐकलं, हे नाकारता येत नाही. पण म्हणणं ऐकून न्यायाधीशानं ठरवणं आणि मत मोजून ठरणं यांत फरक आहे. ऑगस्ट १९६७ च्या अहवालात त्यांनी २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं म्हैसूरला द्यायची शिफारस केली. बेळगाव म्हैसुरातच राहावं, कारण शहराला तीन बाजूंनी कन्नड मुलूख आहे, असं सांगितलं. आणि निपाणी महाराष्ट्राला द्यावी, असंही. महाराष्ट्रानं बेळगावसाठी अहवाल फेटाळला. म्हैसूरनं अहवाल एकतर पुरा घ्या नाहीतर सोडून द्या असं धोरण धरलं. परिणाम असा की निपाणी महाराष्ट्राची आहे असं आयोगाच्या कागदावर लिहिलेलं असूनही ती आजतागायत कर्नाटकात आहे. पुणे-बंगळूर रस्त्यावरच्या या गावाची पेठ कोल्हापूरकडे तोंड करून बसलेली, आठवड्याचा व्यवहार कोल्हापूरशी, सोयरीक कागल, गडहिंग्लजशी. आयोगानं दिली तरी मिळाली नाही, आणि विचारायला कोणी आलं नाही. सीमाभागात सगळ्यात जास्त अन्याय कुणावर झाला असं मला कुणी विचारलं, तर मी बेळगावच्या आधी निपाणीचं नाव घेईन.

महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्यात गावांची संख्या आता ८६५ झाली आहे. कर्नाटकाचं मुख्य म्हणणं असं की ३ ऱ्या कलमानुसार सीमा ठरवणं हा संसदेचा अधिकार, न्यायालयाचा नव्हे. कायद्याच्या भाषेत या म्हणण्यात वजन आहे, आणि म्हणूनच माझी मागणी न्यायालयाकडे नाही. संसदेनं १९६६ साली गोव्यासाठी जसा कायदा केला तसाच कायदा बेळगाव, खानापूर, निपाणी या भागासाठी करायला आजही घटनेची कोणतीच अडचण नाही. घटक गाव धरायचं. खानापूरच्या मराठी गावाला विचारायचं, आणि त्याच दिवशी, त्याच चिठ्ठीवर, अक्कलकोट आणि जत तालुक्यातल्या कन्नड गावालाही विचारायचं. १९५७ च्या निवेदनात मुंबई सरकारनं दोन्ही बाजूंची गावं एकाच नियमात बसवली होती, तेवढंच करायचं. निकाल मराठी माणसाच्या विरुद्ध गेला तर तो मान्य करण्याची लेखी हमी महाराष्ट्रानं आधी द्यावी. माझ्या ओळखीतले निपाणीकर अशी हमी द्यायला कधीचे तयार आहेत.